वास नसतो तेव्हा घर दाखवायचं

एजंट पहिल्यांदा आला तो बूट घालूनच आत शिरला. मी म्हटलं, "बूट." तो म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं." मी म्हटलं, "दोन मिनिटं झाली तरी ते बूटच." त्याने काढले. मग मोज्यांवर फिरत त्याने हॉल पाहिला, आतली खोली पाहिली, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, बाल्कनीच्या जाळीला हात लावून बोटाला आलेली काजळी पँटला पुसली आणि म्हणाला, "घर चांगलंय. पण हे घर वाटत नाही ना. ऑफिस वाटतं."

खोटं नव्हतं ते. हॉलच्या एका भिंतीला पत्रकांचे गठ्ठे होते. कोपऱ्यात फलकांच्या काठ्या, त्यांच्यावर गुंडाळलेलं कापड, खालती रंगाचे डबे. आणि दारावर, बाहेरच्या बाजूने, मी स्वतः चिकटवलेला कागद: 'या घरात रोज विषारी हवा येते. जबाबदार कोण?' पाच वर्षांपूर्वी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराला मी तो लावला होता. बाकीच्यांनी दिवाळीच्या साफसफाईत खरवडून काढला. आमच्या दारावरचा राहिला.

"हा कागद पहिला काढा," एजंट म्हणाला. "पार्टी बेल वाजवायला हात वर करणार आणि हे वाचणार?"

पार्टी म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक. आमच्यात पार्टी म्हणजे पक्ष. या दोन्ही पार्ट्यांचा मला पुढे सारखाच कंटाळा आला.

डोंबिवलीत राहणाऱ्याला वासाचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या बिल्डिंगपासून दहा मिनिटं चालत गेलं की केमिकलच्या कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. तिथून वास येतो. कधी सडक्या अंड्याचा, कधी नेलपॉलिशचा, कधी साखर करपल्यासारखा गोड. गोड सगळ्यात वाईट. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काळं बसतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून यावर काम करतेय. काम म्हणजे पत्रकं काढणं, सह्या घेणं, ऑफिसांमध्ये जाऊन पोच घेणं, आणि पोच मिळालेल्या कागदाचं पुढे काय झालं हे विचारायला परत जाणं.

घर विकायचं होतं बाबांसाठी. त्याच पट्ट्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून नोकरी केली. कारखान्याने निरोप देताना नारळ आणि शाल दिली. छातीत काय दिलं ते पुढे कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, या हवेत यांना ठेवू नका. म्हणून ते कळव्याला ताईकडे गेले. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिच्या एका बेडरूमच्या घरात ती, भावोजी आणि दोन मुलं. बाबा हॉलमध्ये झोपायचे. पहाटे साडेपाचला उठून गादी गुंडाळून, चादरीची घडी करून, आंघोळ उरकून सोफ्याच्या कडेला बसायचे, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. स्वतःचा कप स्वतः विसळायचे. ताई ओरडायची, "बाबा, ठेवा ना तो, मी काय परकी आहे?" ते म्हणायचे, "परकी नाहीस गं, पण लेकीचं घर ते लेकीचं घर." मूळचे कोकणातले. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घातला. "लेक काय, मुलगा काय, जग कुठे चाललंय," वगैरे. ते म्हणाले, "जग जाऊ दे. मला एक खोली बघ."

खोली त्यांनीच बघितली. ताईच्या मागच्या रस्त्याला, तळमजल्यावर, एक खोली आणि ओटा. मालक म्हातारा होता, गावी परत जाणार होता, आणि बाबांशी त्याचं जमलं. त्याने गणपतीपर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला. तोपर्यंत डोंबिवलीचं घर विकलं गेलं तर बाबांना स्वतःची खोली. नाही तर सोफ्याची कड.

आई मी दहावीत असताना गेली. त्यामुळे डोंबिवलीच्या घरात उरले होते मी, गठ्ठे आणि काठ्या.

एजंटच्या दुसऱ्या फेरीत त्याला वही सापडली. सापडली म्हणजे मी लपवली नव्हती, टेबलावरच होती. वासाची वही. तीन वर्षं मी त्यात रोज लिहीत होते: तारीख, वेळ, कसला वास, वारा कुठून, शून्य ते पाचात किती. तिच्या झेरॉक्स काढून आम्ही प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात दिल्या होत्या. तिथल्या साहेबाने पहिलं पान उलटलं, शेवटचं उलटलं आणि मधल्या पानांवर चहाचा कप ठेवला.

एजंट चटईवर मांडी घालून बसला आणि वाचायला लागला. पहिल्यापासून. बोट फिरवत. मी चहा केला, तो थंड झाला. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली. डोळे चमकत होते.

"मॅडम, हे सोनं आहे."

"काय सोनं?"

"बघा ना. शुक्रवारी कारखान्यांची सुट्टी. शुक्रवारी दुपारी एक ते चार तुमचा जवळजवळ सगळीकडे शून्य. एखाद दुसरा एक. सकाळी लवकर नको. संध्याकाळी सातनंतर तर अजिबात नको, तिथे तुम्ही चार-चार, पाच-पाच लिहिलेत. आपण फक्त शुक्रवारी दुपारी घर दाखवायचं. वास नसतो तेव्हा."

तीन वर्षांत ती वही पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस.

मी त्याला वेळापत्रक करून दिलं. हे मी लपवत नाही. त्याने मागितलं म्हणून नाही, त्याला नीट जमणार नाही म्हणून मीच स्केचपेन घेऊन बसले, चौकटी आखल्या, हिरवा आणि लाल. पत्रकासाठी जशी मेहनत घेते तशीच घेतली.

मग घराची तयारी. दारावरचा कागद मी सुरीने खरवडून काढला. गठ्ठे पलंगाखाली गेले, काठ्या माळ्यावर. भिंतीवर जिथे पोस्टर होती तिथे चौकोनी पांढरे डाग निघाले, म्हणून अख्खी भिंत रंगवली. पाणी भरून ठेवायची पाच पिंपं होती. एजंट म्हणाला, "एकच दिसू दे, पाच बघून पार्टी घाबरते." चार पिंपं समोरच्या काकूंच्या बाल्कनीत. आईचा फोटो उतरवायला लावला. "घरात गेल्या का, कशाने गेल्या, असलं विचारतात लोक." ती हॉस्पिटलमध्ये गेली, कावीळ झालेली, हवेशी संबंध नव्हता. तरी मी फोटो उतरवला आणि साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. चंदनाचा हार काढताना त्याचे दोन तुकडे झाले.

बाल्कनीत झाड पाहिजे म्हणाला. आमच्या बाल्कनीत झाड टिकत नाही, तुळससुद्धा पंधरा दिवसांत पिवळी पडते. यावर त्याने उपाय काढला. आपल्या ऑफिसातला मनीप्लांट तो प्रत्येक वेळी स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणायचा, आमच्या खिडकीत ठेवायचा आणि पार्टी गेली की परत घेऊन जायचा. त्या झाडाने माझ्या घरात एकूण बारा-तेरा तास काढले असतील. तजेलदार होतं.

"आणखी एक," एजंट म्हणाला. त्याला बोलायला जड गेलं, हे त्याच्या बाजूने सांगते. "राग मानू नका. एकटी मुलगी दिसली की लोक भाव पाडतात. किंवा वेगळंच काही विचारतात. घर भरलेलं दिसलं पाहिजे."

"म्हणजे काय करू? लग्न करू शुक्रवारपर्यंत?"

"चपला ठेवा. आणि कुणी मोठं माणूस बसवा."

मी चिडले. बाईच्या एकटं राहण्याबद्दल माझ्याकडे एक तयार पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. ते मी त्याला तोंडी ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. पण चपला ठेवा."

ठेवल्या. बाबांचे जुने सँडल. ताईच्या मुलाचे शाळेचे बूट, लहान झालेले. माझ्याच दोन जोड्या, एक जरा जुनाट वाटावी म्हणून धूळ न पुसता. पहिल्या शुक्रवारी मी दाराबाहेर उकिडवी बसून त्या चपला नीट मांडत होते, मग वाटलं की फार नीट मांडल्यात, कुणी अशा काढत नाही, म्हणून एक सँडल पायाने जरा तिरका केला.  

मोठं माणूस म्हणून काकूंना विचारलं. समोरच्या दारातल्या. आई गेली तेव्हा तेरा दिवस आमच्याकडे जेवण त्यांच्या घरातून येत होतं. त्यानंतर आमचं जाणं-येणं म्हणजे विरजण, लिंबू आणि माझ्या आवाजाबद्दल तक्रार.

"काकू, शुक्रवारी दोन तास येऊन बसाल का?"

"बसते की. काय करू बसून?"

"काही नाही. घरातल्यासारख्या बसा."

"म्हणजे सीरियल लावू?"

"लावा."

"तुझ्या त्या मोर्च्याला मी कधी आले नाही, माझे गुडघे नाहीत चालत. पण बसायचंच असेल तर माझ्याइतकं चांगलं कोण बसेल?"

दर शुक्रवारी काकू एक वाजता भाजी घेऊन यायच्या. मेथी, नाहीतर गवार. हॉलमध्ये पंख्याखाली पाय पसरून निवडत बसायच्या. एजंट सांगायचा, "या घरच्या आत्या." काकू म्हणायच्या, "आत्या नको रे, आत्या म्हटलं की मान घ्यावा लागतो. काकूच बरी." लोक हसायचे. घर खरंच भरलेलं वाटायचं.

पार्टी यायची तास-दीड तास उशिरा, किंवा यायचीच नाही. तेवढ्या वेळात मी दोन कप चहा करायचे. काकू बिल्डिंगमधल्या सगळ्यांची निंदा पूर्ण करायच्या आणि मग माझ्याकडे वळायच्या. "तू केस का कापलेस? घोषणा द्यायला मध्ये येत होते का?" मी गुरुवारीच दूध जास्त घेऊन ठेवायला लागले. शुक्रवारची वाट बघायला लागले. घर विकलं जाण्याची वाट मी बघत होतेच, पण शुक्रवारची वेगळी.

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. बाहेर रस्त्यावर जाऊन करायचे, मागून रिक्षा ऐकू यायच्या. "आज कोण आलं?"

येणारे तऱ्हेतऱ्हेचे. एकाने मोबाईलवर होकायंत्र लावून संडासाची दिशा पाहिली आणि सरळ खाली उतरला. एका बाईंनी माझं कपाट उघडलं, साडीतला फोटो चाचपला आणि बंद केलं. एक काका आडनावावर अडले. आडनावावरून समजेना तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी म्हटलं, "मालक." एजंटने डोळे मोठे केले. दुसऱ्या एकाने विचारलं, घरात नॉन-व्हेज होतं का. मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "ही बोंबील करते ना बुधवारी, मी माझ्या घरात बसून नुसता भात खाते त्या वासावर."

गणपतीला दीड महिना राहिला तेव्हा सांगलीचं कुटुंब आलं. तो तिशीतला, शीळफाट्याला कुठेतरी नवीन नोकरी लागलेली. ती, आणि तीन-साडेतीन वर्षांची मुलगी. मुंबईकडे पहिल्यांदाच घर बघत होते. त्यांनी दारात चपला काढल्या, त्या बाबांच्या सँडलशेजारी नीट लावून ठेवल्या. मुलगी सरळ काकूंकडे गेली आणि मेथीची काडी मागायला लागली.

शुक्रवार, दोन वाजलेले. वहीप्रमाणे शून्य. हवेला खरंच काही वास नव्हता. ती बाल्कनीत उभी राहिली आणि म्हणाली, "किती मोकळं वाटतंय इथं. हवा छान येते हो."

मी म्हटलं, "हो. बाल्कनी पश्चिमेला आहे."

तिच्या खांद्यावर पर्स होती आणि पर्सच्या पट्ट्याला एक निळा कापडी पाऊच. असा पाऊच बाबांकडे आहे. त्यात श्वासाचा पंप असतो आणि पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी. तिच्याकडचा आकाराने लहान होता आणि त्यावर ससा होता. ती दारातून आत आली तेव्हाच मी तो पाहिलेला.

पत्रकात मी आजवर एकही खोटी ओळ लिहिली नाही. तीही खोटी नव्हती. बाल्कनी पश्चिमेलाच आहे.

त्याला घर आवडलं. भावाबद्दल त्याने फारसं ताणलं नाही. एजंटने माझ्याकडे बघून पापणी लववली. मी मनात बाबांना त्या तळमजल्यावरच्या खोलीत नेऊन ठेवलंसुद्धा, खिडकीशी खुर्ची वगैरे.

काकूंनी मेथी खाली ठेवली. "छकुलीला दमा आहे का गं?"

"दमा असा नाही," ती म्हणाली. "डॉक्टर बालदमा म्हणतात. मोठी झाल्यावर जाईल म्हणाले."

"मग इथे घर घेऊ नका."

एजंट मोठ्याने हसला. "काकूंची मस्करी असते हां."

"मस्करी तुझी असेल, झाड घेऊन हिंडणाऱ्या," काकू म्हणाल्या. "अगं, संध्याकाळी सातला ये आणि इथेच उभी राहा. डोळ्यांतून पाणी येईल. कारखाने आहेत पलीकडे. या घरातला माणूस असाच गेला खोकत लेकीकडे. हिला विचार ना, हिने वही लिहिलीय सगळी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो, ती, एजंट, काकू. मुलगी नाही, ती मेथीची काडी जमिनीवर ठेवून मोजत होती.

मी म्हणाले, "येतो कधी कधी थोडा वास."

कधी कधी थोडा वास. कारखान्यांचे लोक मीटिंगमध्ये हेच म्हणतात, याच शब्दांत. या चार शब्दांवर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं, ते शब्द मथळ्यात छापून.

ते लोक सभ्य होते. पाणी प्यायले, थँक्यू म्हणाले, विचार करून कळवतो म्हणाले. जिन्यात त्याचा आवाज ऐकू आला, "बरं झालं बाई बोलल्या." एजंट मनीप्लांट उचलून त्यांच्या मागे गेला. 

मी काकूंना म्हटलं, "काय गरज होती तुम्हाला?"

"कशाची?"

"बोलायची. तुम्हाला बसायला सांगितलेलं, बोलायला नाही."

"अगं, पोरीच्या गळ्यात—"

"बाबा सात महिने दुसऱ्याच्या हॉलमध्ये झोपतायत काकू! दीड महिन्यात ती खोली जाणार. तुम्हाला काय जातंय? तुम्हाला कुठे जायचंय?" मला थांबता येईना. "पाच वर्षांत एका मोर्च्याला आला नाहीत. सही करायची तर काकांना विचारून येते म्हणालात. आणि आज माझ्या घरात बसून मला शिकवताय?"

काकूंनी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच पेपरात गोळा केली. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोनदा प्रयत्न करून.

"मोर्च्याला नाही आले," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या दारावरचं रोज वाचत होते. कचरा ठेवायला बाहेर आले की वाचायचे, दूध घ्यायला आले की वाचायचे. पाच वर्षं. खरं असेल म्हणूनच लावलं असशील ना?"

आणि गेल्या.

संध्याकाळी बाबांचा फोन. "आज कोण आलं?"

"सांगलीचे होते."

"आवडलं त्यांना?"

"विचार करतायत."

"माणसं कशी होती?"

"चांगली होती बाबा."

पुढच्या शुक्रवारी काकू आल्या नाहीत. मी एक वाजेपर्यंत थांबले, मग त्यांची बेल वाजवली. काकांनी दार फटीएवढं उघडलं आणि म्हणाले, "झोपलीय ती." आतून सीरियल ऐकू येत होती. मी परत आले. चपला मांडल्या. दोन कपांचं दूध एकाच कपात पिऊन टाकलं. पार्टी आली, एक जोडपं, दहा मिनिटांत गेली. एजंटने विचारलं, "काकू नाहीत?" मी म्हटलं, "गावी गेल्यात." त्याने चार फुटांवरच्या त्यांच्या दाराकडे बघितलं.

मी आंदोलनातली मुलगी. माझ्या फोनमध्ये तीनशे माणसांचा ग्रुप आहे. त्यातल्या कुणाला फोन करून मी काय सांगणार होते? घर विकतेय हेसुद्धा मी ग्रुपवर टाकलं नव्हतं. 'हवा आमच्या हक्काची' म्हणून माईकवर ओरडायचं आणि घरी येऊन कुठल्या वेळी घर बिनवासाचं असतं याच्या रंगीत चौकटी आखायच्या. ते दोन-तीन आठवडे मी कुणाशी नीट बोलले नाही. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. मी पुन्हा विचारला.

गणपतीला वीस दिवस उरले असताना एजंटचा फोन आला. "एक पार्टी आहे. पण ते शनिवारी संध्याकाळीच येणार म्हणतात, साडेसातला. दोघं नोकरीवाले. मी खूप सांगितलं, ऐकत नाहीत."

साडेसातला आले. त्या दिवशी गोड वास होता. वहीत मी चार लिहिला असता. एजंटने आल्या आल्या दोन उदबत्त्या लावल्या, मनीप्लांट ठेवला आणि खिडक्या लावायला गेला. मी म्हटलं, "राहू दे." त्याने हात जोडले. खरोखरचे जोडले.

नवरा-बायको पस्तिशीचे. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्रकासारखंच सांगितलं, मला दुसरं येत नाही: काय आहे, कोण जबाबदार आहे, किती वर्षं आहे. बाबांचं सांगितलं. वही दाखवली. चपलांचं सांगितलं. हे झाड याचं आहे तेही सांगितलं.

ती बाई हसायला लागली. "ताई, आम्ही मागच्याच गल्लीत राहतो भाड्याने. तुमच्या सह्यांच्या अर्जावर ह्यांची सही आहे."

"दुसऱ्या पानावर," तो म्हणाला. "पेन चालत नव्हतं, दोनदा केलीय."

मला राग आला. खरंच आला. "मग कशाला घेताय?"

"कुठे जाऊ?" तो म्हणाला. "मुलांची शाळा इथे. माझी आई पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. ठाण्यातल्या भावाचं तर नावच काढू नका."

आणि त्याची बायको म्हणाली, "वास काय, भाड्याच्या घरातही येतोच की. आता स्वतःच्या घरात येऊ दे."

  माझी सगळी पत्रकं 'तुम्हाला माहीत आहे का?' या प्रश्नाने सुरू होतात. आम्हाला तसं शिकवलेलं: पहिली ओळ प्रश्नाची. लोकांना माहीत नाही म्हणून ते गप्प आहेत, सांगितलं की उठतील. सगळ्यांना माहीत होतं. काकूंना होतं, या दोघांना होतं, एजंटला तर तारीखवार होतं. ज्यांना माहीत नव्हतं अशी माणसं इतक्या वर्षांत माझ्या समोर एकदाच आली, दारात चपला नीट लावून. त्यांना मी सांगितलं नाही.

घर मागच्या गल्लीतल्या त्या दोघांनी घेतलं. कळव्याच्या म्हाताऱ्याने शब्द पाळला. जे पैसे आले ते त्या खोलीत गेले, वर काही राहिलं नाही.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा काकूंचं दार उघडं होतं. त्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेल्या. मी चार पिंपं घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"राहू देत दोन," मी म्हटलं. "तुम्हाला होतील."

"ठेव."

मी उभी राहिले. माफी कशी मागायची याचं पत्रक नसतं. मी म्हटलं, "काकू, ते त्या दिवशी—"

"ती सांगलीची पोरगी कुठे राहिली शेवटी, कळलं का?"

"नाही."

"हं." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "बाबांना नमस्कार सांग."

बाबांची खोली मी आणि ताईने लावली. पलंग, खुर्ची एकच, खिडकी रस्त्यावर. बाबांनी स्वतः कप कुठे ठेवायचे, औषधं कुठे, ते ठरवलं. आईच्या फोटोला त्यांनी स्वतः खिळा ठोकला, तिसऱ्या घावाला धाप लागली तरी हातोडी कुणाला दिली नाही. ताई मुलांच्या शाळेसाठी गेली. मग बाबांना मी सगळं सांगितलं. निळा पाऊच, पश्चिमेची बाल्कनी, सगळं.

ते म्हणाले, "बाई बोलली ते बरं झालं." मग म्हणाले, "तू माझ्यासाठी गप्प बसलीस, असं मला सांगू नकोस हां. मला ते नकोय." आवाज चढलेला नव्हता.

"नाही सांगत," मी म्हटलं.

"तू कुठे राहणार आता?"

"डोंबिवलीतच. तिघी मुली आहेत एका खोलीत, एक कॉट रिकामी आहे."

"परत त्याच हवेत?"

"काम तिथेच आहे बाबा."

त्यांनी खोलीकडे नजर फिरवली. पलंग, खुर्ची, ओटा. "इथे राहायचं तर... बघू काहीतरी. खाली गादी घालता येईल."

"नको," मी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी लगेच आवरलं, पण मी पाहिलं. सुटका होती ती. माझा त्याबद्दल काहीही आक्षेप नाही.

मी चप्पल घातली. ते दारापर्यंत आले, "पोचलीस की फोन कर" म्हणाले. मी चार पावलं गेले असेन, मागे कडी लागल्याचा आवाज आला. दुपारचे चार वाजलेले, रस्त्यावर उजेड, भाजीवाला ओरडत होता. अशा वेळी कुणी आतून कडी लावत नाही. बाबांनी लावली. मग उघडली. आणि परत लावली, या वेळी वरचीसुद्धा. मी वळून पाहिलं नाही. स्टेशनचा रस्ता विचारत विचारत निघाले, कळव्यातल्या त्या बाजूला मी फारशी कधी आले नव्हते.